निळ्या फाटकाचा डबा

इपोह, रविवार पाहिंग, ३ सप्टेंबर २०२३

यू पोन,

पाकीट फाडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. फोनवर माझा आवाज आला की तू लगेच ठेवून देतेस. पाकिटाला निदान दोन हात लावावे लागतात. शिवाय परदेशाचं तिकीट बघून तुलाही वाटलंच असेल, की ही बया आता कुठे जाऊन बसली?

मलय मुलखात, इपोहला आलेय, तरी तारखेला आपला पाच दिवसांच्या चक्रातला वार लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच गल्लीत, त्याच बिस्किटांच्या कारखान्यात. आपल्या मालकिणीच्या, न्योन्या सियू कुआनच्या माडीवर बसून हे लिहितेय. कागद चुरगळू नकोस, पुढे वाच. तिनं तुला पकडून दिलं असं तू एकवीस वर्षं म्हणतेस, आणि मी नंतर चार वर्षं तिच्याचकडे काम केलं म्हणून माझ्याशी बोलत नाहीस, हे सगळं माहीत असूनही लिहितेय.

गेल्या महिन्यात न्योन्याचा निरोप आला. मातीची भट्टी पाडणार आहेत, मुलगा विजेची आणतोय. सहा तारखेला शेवटची भट्टी लागणार, ये म्हणाली. जावई हसला. "आई, राबायला गेला होतात, तिथे आता पाहुण्या म्हणून जाणार?" म्हटलं, राबताना मान वर करून बघायला मिळालं कुठे? आता बघते. थोरली बहीण मानून तुला यू म्हणत आलेय, माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुणाच्याही चुलीवरचं झाकण उचलून आत डोकावल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तू तर म्हणायचीस, मुजीला कबरीत घातलं तरी ती शेजारच्या कबरीत काय चाललंय ते विचारेल.

तर ऐक. गल्ली लहान झालीय की मी रुंद झालेय, कळत नाही. कोपऱ्यावरचा कॉफीवाला म्हातारा गेला. मुलगा बसतो, पण कॉफी अजून बापाच्याच फडक्यातून गाळतो. फडकंही तेच असावं, अशी चव आहे. मागच्या खोलीत तू लेकीच्या, वेनिंगच्या झोळीसाठी ठोकलेला हूक तसाच आहे. मी लोंबकळून पाहिलं. पक्का आहे.

न्योन्या आता त्रेसष्ट. केस बारीक कापलेत, डावा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र जसंच्या तसं. मला दारात बघून म्हणाली, "मुजी! आता भट्टीत वाकलीस तर ओढून काढायला क्रेन मागवावी लागेल!"

"तुम्हीच खाऊ घालून पाठवलंत, न्योन्या."

मग लगेच, माझी पिशवी हातातून घ्यायच्या आधी, "पोन कशी आहे?"

"बरी आहे."

"फोन का नाही करत?"

"तिचा फोन बिघडलाय."

"एकवीस वर्षं?"

मी पाणी मागितलं.

समोरचं निळं फाटक अजून निळंच आहे. तिथे कोण राहतं ते मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, हे वाचून तुला नवल वाटेल.

तुझी मुजी


इपोह, मंगळवार वागे, ५ सप्टेंबर

यू पोन,

आज दिवसभर सामान बाहेर काढत होतो. न्योन्याचा मुलगा आह वेंग, जो तेव्हा आपल्या पाठीवर बसून कारखानाभर फिरायचा, आता चष्मा लावून यादी करतो. "मुजी आंटी, हे लाकडी पाट ठेवायचे की टाकायचे?" मी म्हटलं, "हे तुझ्या आजीचे आहेत, टाकलेस तर ती स्वप्नात येऊन कान उपटेल." ठेवले.

कांदा परतायची कढई निघाली. तीळ पाखडायचं सूप निघालं, त्याच्या कडेला तू बांधलेली लाल चिंधी होती. मी ती सोडून पिशवीत घातली. तुला नको असली तर सांग. पण सांगायला लिहावं लागेल.

संध्याकाळी न्योन्या एक डबा घेऊन आली. तीन पुडांचा, एनॅमलचा, हिरव्या फुलांचा.

"हा तुझा ना? पाकाची खोली रिकामी केली तेव्हा पिंपांच्या मागे सापडला. तुला देईन म्हणून ठेवलाय."

"माझा नाही," मी म्हटलं.

तिनं डबा उलटा केला. आपल्याकडे लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून तळाला नाव घालतात. लाल रंगात माझ्या आईनं घातलेलं तिचं स्वतःचं नाव स्वच्छ दिसत होतं. "कारसिना," न्योन्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं. "ही कोण मग?"

मी म्हटलं, उद्या लवकर उठायचंय, आणि जिना चढले. गुडघा तिचा दुखतो म्हणून वाचले, नाहीतर ती मागोमाग आली असती.

तुला तो डबा आठवत असेल. माझ्या गावाहून, ब्लितारहून कपड्यांत गुंडाळून आणला होता. आठवत नसेल तर उत्तम.

इथे डोंगराच्या बाजूला नवीन इमारती झाल्यात. खूप उंच आहेत. मी मजले मोजायला घेतले होते, मध्येच थांबले.

मुजी


इपोह, बुधवार क्लिवोन, ६ सप्टेंबर

यू पोन,

आज तू हवी होतीस. हे मी रागावून लिहीत नाही, खरंच हवी होतीस.

पहाटे भट्टीच्या रांजणात नारळाची सोडणं पेटवली. धूर खाली बसेपर्यंत मी, न्योन्या आणि तिची नणंद पिठाच्या गोळ्यांत पाक भरत बसलो. मग न्योन्या म्हणाली, "पाहुणी लावेल पहिलं." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आह वेंगनं तर मोबाईल धरला.

बोटं पाण्यात बुडवली, बिस्किटाच्या पाठीला पाणी लावलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. यू, मी विसरले असेन असं मला वाटलं होतं. हात विसरला नव्हता. आतल्या भिंतीला थाप मारून चिकटवायचं, अंगठ्यानं दाबायचं आणि भाजायच्या आत बाहेर. पहिली तीन चिकटली. चौथं निखाऱ्यात पडलं. न्योन्या ओरडली, "ते भट्टीचं! ते तिला लागतंच!" सगळे हसले. मला रडू आलं, धूर होताच, कुणाला कळलं नाही.

हातावरची लव पुन्हा जळाली. चौदा वर्षं आपले हात कोंबडीच्या सोललेल्या पायासारखे असायचे, तसे झालेत.

न्योन्यानं एक बिस्कीट उलटून दाखवलं. तुझा अंगठा नेहमी कडेला पडायचा, म्हणून तुझी बिस्किटं एका बाजूला कललेली असायची. ती म्हणाली, "गिऱ्हाईक विचारायचं, तिरकी आहेत का? तीच जास्त खमंग." तुला हे माहीत होतं? मला नव्हतं. तिनं एकवीस वर्षं लक्षात ठेवलंय.

दुपारी भट्टी विझली. सगळे गेले. न्योन्या कॉफी घेऊन आली आणि तो डबाही.

"मुजी, आता खोटं बोलू नकोस, मी म्हातारी झालेय. हा तुझाच आहे. यात साखर होती. कडक झाली होती, फोडून कॉफीत घातली मी. माफ कर. पण साखरेखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद निघाला. तुमची ती उजवीकडून लिहायची अक्षरं. म्हटलं देवाचं काही असेल, म्हणून फेकला नाही. पुन्हा आत ठेवलाय."

मी झाकण उघडलं. कागद होता. मलय भाषा, अरबी लिपी, जुन्या बायका लिहितात तशी. गावच्या मदरशात शिकले होते तेवढ्यावर मला वाचता आलं.

"काय लिहिलंय?"

"देवाचंच आहे," मी म्हटलं.

यू, काय लिहिलंय ते आज तुलाही लिहीत नाही. उद्या निळ्या फाटकात जाऊन येते, मग.

मुजी


इपोह, शनिवार पोन, ९ सप्टेंबर

यू पोन,

आज आपल्या पाच वारांतला पोन. तुझ्या जन्माचा वार. आजच्या दिवशी तुला खरं सांगायचं ठरवलं. काल, परवा दोनदा कागद घेतला आणि भाजीची यादी करून उठले.

वेनिंगच्या पस्तिसाव्या दिवसापासून सुरू करते. तू बाळंतीण. पोट दिसायला लागलं तेव्हापासून तुझा परवाना वाढवला गेला नव्हता, कारण पोटुशीला सरळ परत पाठवत. मागच्या खोलीत लपून तू पोर जन्माला घातलंस, आणि तरीही पस्तिसाव्या दिवसाचा भात वाटायचाच म्हणालीस. पोरीचं नाव चार घरी गेल्याशिवाय ती गावाची कशी होणार, असं म्हणालीस. घरं मोजून दिलीस. अकरा. आणि बजावलंस, "निळं फाटक सोड. तो माणूस परदेशी लोकांचे कागद तपासणाऱ्या खात्यात आहे."

मी मान डोलावली. निघाले. केळीच्या पानाच्या प्रत्येक पुड्यात पोरीच्या नावाची चिठ्ठी, तुझं नाव, पोरीच्या बापाचं, पारजोचं नाव. निळ्या फाटकाच्या अलीकडे दिलं, पलीकडे दिलं. त्या फाटकातली बाई अंगणात झाडत होती. माझ्या हातातल्या पुड्यांकडे बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा झाडायला लागली. यू, तुझ्या दारावरून असं कुणी गेलं असतं तर? मी घरी परत आले. केळीची पानं संपली होती. आईच्या डब्यात भात, अंडं, भाजी भरली, वर चिठ्ठी ठेवली आणि नेऊन दिला.

हे पाप असेल तर एवढंच आहे, असं मी एकवीस वर्षं समजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आत पोरीला न्हाऊ घालत होतीस. ती बाई मागच्या दारी आली. डबा हातात दिला. "रिकामा नाही हं आणला. आत्ता उघड, लगेच," म्हणाली. भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यात काय विशेष, मला वाटलं. माझा जीव तुझ्या चाहुलीकडे. तू आतून विचारलंस, "मुजी, कोण आहे गं?" मी म्हटलं, "मांजर." आणि डबा पाकाच्या पिंपांमागे सारला. रात्री उघडू म्हटलं. रात्री वेनिंगचं पोट दुखत होतं. पहाटे ते आले. माझा परवाना चालू होता, तुला आणि पोरीला घेऊन गेले.

जिनं आयुष्यात एक झाकण न उघडता सोडलं नाही, तिनं ते एक सोडलं.

चिठ्ठी अशी आहे. शब्द न् शब्द लिहिते.

"पोरी, उद्या पहाटे येणार आहेत. तुमची भट्टी यादीत आहे. बाळंतिणीला आज अंधार पडताच आमच्या मागच्या दारी आण. आमच्या घरात कुणी तपासायला येत नाही. झोळी बांधून ठेवते."

मी गुरुवारी गेले. माक सोम तिचं नाव. आता अठ्ठ्याहत्तर. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. फाटक उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "डबेवाली ना तू? पस्तीस दिवसांच्या बाळाची?"

तिनं हात धरून बसवलं. माझ्याकडून काही ऐकायच्या आधी तीच म्हणाली, "एक विचारू? एकवीस वर्षं हे डोक्यात आहे. तुम्ही आला का नाहीत? आमच्यावर विश्वास नव्हता का?"

"तुमच्या नवऱ्यानं..." मी म्हटलं, "त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचून..."

"वाचलंच ना. यादी आठवडाभर आधी झाली होती गं, सगळ्या गल्लीची. त्याला वाटत होतं तुम्ही सगळ्या धडधाकट बाया, पाठवतील परत, काय त्यात. चिठ्ठी वाचली आणि घास हातात तसाच राहिला. म्हणाला, सोम, आत तान्हं पोर आहे. मला बोलता येणार नाही, तू जा."

म्हणजे मी नेऊन दिलेला भात बरोबर होता. त्यानं तुला पकडून दिलं नाही, वाचवायला निघाला होता. आलेला डबा मी उघडला नाही.

मी तिला तसं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अगं वेडे, मी तोंडानंच सांगायला हवं होतं. मलाही तुझ्या मागची ती चिनी मालकीण ऐकेल अशी भीती वाटली." आणि रडायला लागली. मी तिला रडवायला गेले नव्हते.

तू दोन महिने पकडलेल्यांच्या छावणीत होतीस, मग बोटीत. वेनिंगचा खोकला वर्षभर गेला नाही. पारजो जोहोरला कामावर होता, तुझा पत्ता लागेपर्यंत त्यानं दुसरं घर केलं. हे सगळं मी तुझ्याच पत्रातून वाचलं होतं. त्याच पत्रात तू लिहिलंस, "कुआननंच सांगितलं असणार, तिला बाळंतीण नको होती." मला ते खोडून काढता आलं असतं. न्योन्या त्या दिवशी अनवाणी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळाली होती, मी बघितलं होतं. पण तू तिला दोष दिलास की माझा डबा झाकलेला राहत होता. म्हणून मी गप्प बसले. माझी भीती खोटी निघाली, यू, पण गप्प बसणं खोटं नव्हतं.

काल न्योन्यालाही सांगितलं. तू काय समजत होतीस, मी काय समजू दिलं, सगळं. तिनं गुडघा चोळत ऐकून घेतलं.

"म्हणून फोन बिघडला होता," ती म्हणाली.

"हो, न्योन्या."

"तू माझ्याकडे चार वर्षं जेवलीस, मुजी."

"हो."

सकाळी मी निघताना तिनं तिरक्या अंगठ्याची दहा बिस्किटं बांधून दिली. "तिच्यासाठी. मी मुद्दाम कडेला दाबलीत," एवढंच म्हणाली. माझ्यासाठी काही दिलं नाही. बरोबर केलं.

मुजियाती


ब्लितार, रविवार क्लिवोन, १ ऑक्टोबर

यू पोन,

चारही पत्रं पोचली असतील. उत्तर नाही. मी रोज दुपारी दारात बसते, पोस्टमन आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

तुमच्या तुलुंगागुंगच्या बाजारात सोयाबीनचं तेंपे विकते ती बाई आमच्या गल्लीतली. तिनं सांगितलं, वेनिंगचं लग्न ठरलंय, याच महिन्यात एकोणतीस तारखेला. आनंद झाला. बोलावणं मागायला लिहीत नाही.

तिच्याच हातून डबा पाठवतेय. वरच्या पुडात माक सोमची मूळ चिठ्ठी. मधल्यात न्योन्याची बिस्किटं. खालच्यात साखर. ती माझी नाही, माक सोमनं नव्यानं दिली. म्हणाली, तेव्हाची कुणाच्या तोंडी गेली कोण जाणे. कॉफीत गेली, मी सांगितलं. तेव्हा मात्र हसली.

डबा परत पाठवला नाहीस तरी चालेल. आईचा आहे, पण आता तुझ्याकडे राहू दे. रिकामा पाठवलास तरी मी समजेन. तुझा तो हक्क आहे.

मुजी


ब्लितार, गुरुवार पोन, १९ ऑक्टोबर

यू पोन,

तेंपेवाली सकाळी आली. डबा ओट्यावर ठेवला आणि हटेना. "उघड की," म्हणाली, "तुझ्यासारखी माझीही रात्रीची झोप उडालीय." शेजारच्या दोघी आल्या, लेक आली, जावई ब्रश तोंडात घेऊन आला. मी कुठेही सारला नाही, आत नेला नाही. सगळ्यांच्या देखत तिथेच बसून उघडला.

वरच्या पुडात भात, भाजलेली कोंबडी, शेवया. लग्नाचं बोलावणं म्हणून आपल्याकडे डबा पाठवतात तसा. मधल्यातही तेच. खालचा पुड धुऊन पुसून रिकामा. शेजारीण म्हणाली, "अगंबाई, हे काय?" मी चिठ्ठी घेतली. वेनिंगच्या अक्षरात आहे, पण बोलणं तुझंच, मला ऐकूच आलं:

"मुजी, वरचा पुड कुआनचा. मधला निळ्या फाटकाचा. या वेळी एकही घर सोडायचं नाही. इपोहपर्यंत कोंबडी टिकत नाही, म्हणून त्यांच्या वाटचं तू खा, आणि दोघींना फोन करून माझं नाव घेऊन सांग. कुआनला काय म्हणायचं ते मी स्वतः बोलेन, माझा फोन दुरुस्त झालाय. खालचा पुड तुझा. तो मुद्दाम रिकामा ठेवलाय. एकवीस वर्षं तू काय झाकून ठेवलंस ते वाचून मला तीन दिवस जेवण गेलं नाही. तो भरायला माझा हात अजून उठत नाही. एकोणतीसला ये. मांडवात सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहा. वाढायला मीच असेन. तोवर उठला हात तर वाढीन."

मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचंही.

मग दोन्ही पुड संपवले. दोघींना फोन केले. माक सोमला नीट ऐकू येत नाही, तिला चारदा सांगावं लागलं. न्योन्या म्हणाली, बिस्किटं तिरकी होती का विचार तिला. विचारते आहे.

एकोणतीसच्या रविवारी येते, यू. खालचा पुड घेऊन, झाकण न लावता.

मुजी